आठवडी बाजाराचा कचरा : सात दिवसांचा हिशेब

ग्रामीण भागाच्या अर्थव्यवहारात आठवडी बाजाराचे स्थान अनन्यसाधारण आहे. शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा खेळतो तो बाजाराच्या दिवशी, आणि मजुराच्या घरी आठवड्याचा भाजीपाला व किराणा येतो तोही त्याच दिवशी. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागात, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल हे असेच एक बाजाराचे गाव होय. पायथ्याची खेडी आणि पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीची गावे यांची देवघेव येथे होते. हिवाळ्यात मेथी, वांगी, कांद्याची पात, आंबाडी, हरभऱ्याची भाजी, संत्री आणि केळी यांचे पसारे मांडले जातात. दिवस मावळला की विक्रेते आपापली गाठोडी बांधून परततात. मागे उरतो तो देठ, टरफले, सडका माल, केळीची पाने, गवताचे आच्छादन आणि या सर्वांत गुंतलेल्या पन्न्या यांचा थर. या थराचे पुढे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

बाजारातील कचरा म्हटला की मोठ्या शहरांचे चित्र डोळ्यांसमोर येते, आणि ते स्वाभाविक आहे. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरमध्ये प्लेगचे जे पहिले रुग्ण आढळले ते मांडवी भागात, म्हणजे धान्याच्या वखारी आणि गोदामे यांच्या दाट वस्तीत. धान्य, उंदीर व घाण यांचे साहचर्य किती महागात पडू शकते, याचा तो धडा होता. पुढे शतकभराने, १९९६ मध्ये, मुंबईतील भाजीपाला व फळे यांचा घाऊक व्यापार वाशीला हलविण्यात आला, त्यामागे शहरातील कोंडी हे मोठे कारण होते. तथापि शहरातील मंडईला रोज झाडणारे कर्मचारी, वाहने आणि एक स्वतंत्र खाते असते. आठवडी बाजाराच्या गावात हे सारे एकदोन सफाई कामगारांच्या खराट्यावर अवलंबून असते. शहराची मंडई रोज थोडी घाण करते आणि ती रोज थोडी उचलली जाते. गावचा बाजार मात्र एका दिवसात आठवड्याची घाण करून मोकळा होतो.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. अरबी भाषेत 'बक्ल' म्हणजे भाजीपाला आणि 'बक्काल' म्हणजे भाजी व किराणा विकणारा. मराठीत हा शब्द 'बकाल' होऊन आला तेव्हा त्याचा अर्थ वाणी, दुकानदार असाच होता. कालांतराने मात्र आपण 'बकाल वस्ती' म्हणू लागलो आणि भाजीविक्याचा शब्द ओंगळपणाचा वाचक झाला. गावाच्या नावाशी याचा संबंध जोडण्याचा हेतू नाही. परंतु बाजार आणि घाण यांची सांगड लोकांच्या मनात किती पक्की बसली आहे, हे या एका शब्दावरून कळून येते.

माशीचा आठवडा

भाजीपाल्याच्या कचऱ्यात ८५ ते ९० टक्के पाणी असते. असा माल ढिगात दडपला गेला की आतील हवा एकदोन दिवसांत संपते आणि हवेशिवाय जगणारे जंतू त्याचा ताबा घेतात. दुर्गंधी सुटते ती त्यानंतर. कुजण्याच्या या प्रकारातून मिथेन वायू बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो वातावरण तापविण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट प्रभावी मानला जातो. परंतु पंचायत सदस्यांच्या दृष्टीने याहून निकडीचा प्रश्न घरमाशीचा आहे.

घरमाशी ओल्या, कुजक्या पदार्थांत एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. उबदार हवेत ही अंडी एका दिवसाच्या आत उबतात, अळी साधारणपणे चार ते सात दिवसांत पूर्ण वाढते, कोश होऊन आणखी काही दिवसांत नवी माशी उडू लागते. अंड्यापासून माशीपर्यंतचा हा प्रवास आपल्याकडील हवेत सात ते दहा दिवसांत पुरा होतो. आता बाजाराचे चक्रही सात दिवसांचेच आहे. या बाजाराचा कचरा पुढच्या बाजारापर्यंत तसाच पडून राहिला, तर त्यातून निघालेल्या माश्यांना पुढच्या बाजारातील उघडी जिलेबी, कापलेली फळे आणि मासळी आयतीच मिळते. हगवण, अतिसार, विषमज्वर यांचे जंतू माशीच्या पायांवरून अन्नावर येतात, हे शालेय पुस्तकातही असते. कचरा बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उचलून झाकला गेला, तर अळ्या वाढीला लागण्यापूर्वीच हे चक्र तुटते. तोच कचरा चौथ्या दिवशी उचलला, तर झाडलोटीचा खर्च होतो, परंतु अळ्या तोवर ढीग सोडून आसपासच्या कोरड्या मातीत कोश करण्यासाठी शिरू लागलेल्या असतात. स्वच्छता किती केली यापेक्षा ती केव्हा केली, याला येथे अधिक महत्त्व आहे.

खारपाण पट्ट्याचे वेगळेपण

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा बुलढाणा, अकोला व अमरावती या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतील गावे त्यात येतात. येथील भूजल खारे असल्यामुळे विहीर किंवा हातपंप असूनही पिण्यासाठी दुरून आणलेल्या पाण्यावर विसंबावे लागते. सातपुड्यात वारी येथे वान नदीवर झालेल्या प्रकल्पाच्या, म्हणजे हनुमान सागराच्या पाण्यावर आधारलेली १४० गावांची योजना याच गरजेतून पुढे आली.

नळाने आलेले पाणी शुद्ध असते असे आपण गृहीत धरतो, आणि उगमाशी ते असतेही. परंतु नळ चोवीस तास वाहत नसला, तर पुरवठा बंद झाल्यावर नळीतील दाब उतरतो. नळी नालीतून किंवा कचऱ्याच्या डबक्यातून गेलेली असेल आणि तिचा सांधा सैल असेल, तर बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. बाजारओट्यांच्या कडेने जाणारी नाली पाल्यापाचोळ्याने तुंबलेली असणे आणि तीतूनच नळाची जोडणी गेलेली असणे, हे दृश्य कितीतरी गावांत आढळते. जेथे पर्यायी गोड्या पाण्याची विहीरच नाही, तेथे ही जोखीम दुप्पट समजली पाहिजे.

दुसरी गोष्ट जमिनीची. येथील काळी चिकणमाती पाण्याने फुगते आणि तिच्यातून पाण्याचा निचरा अत्यंत मंद गतीने होतो. २०२३ च्या जुलैत संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने जी हानी झाली, ती या भागातील लोकांच्या स्मरणात आहे. पूर कचऱ्यामुळे येतो असे कोणी म्हणणार नाही. परंतु रस्त्याखालच्या मोऱ्या पन्न्यांनी बुजल्या असल्या, तर नेहमीच्या पावसाचे पाणीही घरांत शिरते. आणि कचऱ्यासाठी खोदलेला खड्डा अशा जमिनीत आषाढापासून आश्विनापर्यंत पाण्याने भरलेला राहतो. त्यात कुजणे होत नाही, सडणे होते. कंपोस्ट खड्ड्यांच्या अनेक योजना अशा भागांत का फसल्या, याचे उत्तर ग्रामस्थांच्या उदासीनतेत शोधण्यापूर्वी जमिनीत शोधावयास हवे होते.

खड्डा नव्हे, टाके

सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे कंपोस्टची जी पद्धती सिद्ध केली, तीतही पावसाळ्यात खड्ड्याऐवजी जमिनीवर ढीग रचण्याची सोय ठेवली होती. विदर्भाने या विषयात पुढचे पाऊल टाकले. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी विकसित केलेली पद्धत त्यांच्या आद्याक्षरांवरून 'नाडेप' या नावाने देशभर ओळखली जाते. त्यांना लोक नाडेपकाका म्हणत. पद्धतीचे मर्म असे, की टाके जमिनीवर बांधावयाचे असते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असे विटांचे टाके आणि त्याच्या चारी भिंतींत हवा खेळण्यासाठी ठेवलेली भोके, एवढीच त्याची रचना. खाली तळ कोरडा राहतो आणि बाजूंनी हवा मिळते. निचरा न होणाऱ्या जमिनीत याहून सोयीचे साधन शोधून सापडावयाचे नाही.

टाके भरताना प्रथम सहा इंचांचा पालापाचोळ्याचा थर, त्यावर चार-पाच किलो शेण शेसव्वाशे लिटर पाण्यात कालवून केलेला शिडकावा, आणि त्यावर पन्नाससाठ किलो चाळलेली माती, असा क्रम ठेवतात. असे दहाबारा थर झाले की वरून माती व शेणाने लिंपून घेतात. एका टाक्यास एकूण १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण आणि सुमारे १,७५० किलो माती लागते. पंधरावीस दिवसांनी माल आठनऊ इंच खचला की पुन्हा थर देऊन टाके बंद करतात. ९० ते १२० दिवसांत खत तयार होते. शेण इतके थोडे लागते, हे ज्या गावांत जनावरे कमी झाली आहेत त्यांनी विशेषेकरून ध्यानात घ्यावे. खारपाण पट्ट्यात एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. थरांसाठी खारवट माती आणि हातपंपाचे खारे पाणी वापरल्यास ते क्षार खतात साचतात आणि शेवटी शेतात जातात. माती उंचवट्यावरची किंवा गोड्या पाण्याच्या तलावाच्या गाळाची घ्यावी आणि पाणी शक्यतो पावसाचे साठविलेले असावे.

आता हिशेबाकडे वळू. उदाहरणादाखल बाजारात भाजीपाल्याचे शंभर विक्रेते बसतात आणि प्रत्येकामागे पाच किलो कचरा पडतो असे धरू. एका बाजारास पाचशे किलो झाले. एवढा ओला पाला एकटाच टाक्यात टाकला तर त्याचा चिखल होईल. त्यात हजारेक किलो कोरडा माल मिसळला पाहिजे. वऱ्हाडात कोरड्या मालाची वाण नाही. सोयाबीन व तुरीचे कुटार आहे आणि पऱ्हाटी तर एका एकरात टनभर निघते व बहुतेक वेळा बांधावर जाळली जाते. पऱ्हाटी बारीक तुकडे करूनच वापरावी, नाहीतर ती वर्षभरातही कुजत नाही. ती पुढील हंगामापर्यंत रचूनही ठेवू नये, कारण गुलाबी बोंडअळी तीत आश्रय घेते.

म्हणजे एका बाजारात एक टाके भरते. खत होण्यास तेरा ते सतरा आठवडे लागतात. तेव्हा तेरा ते सतरा टाकी हवीत. खचलेल्या टाक्यांत दुसऱ्यांदा भर घालता येते हे लक्षात घेतले तरी दहाबारांच्या खाली हिशेब उतरत नाही. प्रत्यक्षात काय घडते? पंचायत दोन टाकी बांधते. पहिल्या बाजारास एक भरते, दुसऱ्या बाजारास दुसरे भरते, आणि तिसऱ्या बाजाराचा कचरा नाल्याच्या काठी जातो. चौथ्या महिन्यात टाक्यांत पन्न्या व बाटल्या दिसू लागतात आणि 'ही योजना आपल्याकडे चालत नाही' असा ठराव लोकांच्या मनात होऊन जातो. योजना चालत नाही हे खरे नसून ती पुरती बांधलीच गेलेली नसते.

टाक्यांची संख्या कमी करण्याचा एक जुना मार्ग आहे, तो म्हणजे जनावरे. कोबीची बाहेरची पाने, मुळ्याचा पाला, मक्याची सोललेली पाने, केळीची साल हा चाराच आहे. तो स्वच्छ व वेगळा ठेवला, तर गावातील गुरांचे व शेळ्यांचे मालक त्याच संध्याकाळी टोपल्या भरून नेतील आणि टाक्यात घालावयास निम्माही उरणार नाही. आज ते नेत नाहीत, कारण त्यात पन्नी असते. पाल्याबरोबर गिळलेली पन्नी जनावराच्या पहिल्या पोटात गोळा होऊन बसते, ती ना पचते ना बाहेर पडते. राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१८ च्या मार्चमध्ये अधिसूचनेद्वारे बंदी घालण्यात आली आणि त्याच वर्षी २३ जूनपासून दंडाची अंमलबजावणी सुरू झाली. एकदाच वापरून फेकावयाच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली. नियम आहेत, पण आठवडी बाजारात पाव किलो मिरची अजूनही पन्नीतच मिळते. विक्रेत्यास दंड करण्याआधी गिऱ्हाइकाच्या हाती पिशवी असावयास हवी, ही गोष्ट महिला बचत गटांना जितकी सहज साधेल तितकी ती पावतीपुस्तकाला साधणार नाही. जुन्या लुगड्याधोतरांच्या पिशव्या बाजाराच्या तोंडाशी पाचदहा रुपयांस मिळू लागल्या, तर निदान सुरुवात होईल.

मटण व मासळीच्या ओट्यांचा प्रश्न वेगळा आहे. आतडी, पिसे, खवले हे टाक्यात घालू नयेत. कुत्री टाके उकरतात आणि माशी तर पाल्यापेक्षा यावरच अधिक जमते. हा कचरा झाकणाच्या डब्यात वेगळा घेऊन गावाबाहेर उंच जागी खोल पुरावा, वर चुना आणि दोन फूट माती टाकावी. बाजाराभोवती पोसलेल्या कुत्र्यांच्या झुंडी आणि श्वानदंशाचे रुग्ण यांचा संबंध प्राथमिक आरोग्य केंद्रातील कोणीही सांगू शकेल.

काही पंचायतींना बायोगॅसचे आकर्षण वाटते. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांच्या पुढाकाराने सिद्ध झालेले 'निसर्गऋण' तंत्र माथेरानसारख्या ठिकाणी वापरण्यात आले. हैदराबादच्या बोवेनपल्ली भाजी मंडईत रोज सुमारे दहा टन कचऱ्यापासून पाचशे युनिट वीज निर्माण होत असल्याचा उल्लेख पंतप्रधानांनी २०२१ च्या जानेवारीत आकाशवाणीवरील भाषणात केला होता. हे प्रयोग आदर्श आहेत. परंतु दोन्ही ठिकाणी कचरा रोजचा आहे. गॅस करणारे जंतू हे रोज खाणारे प्राणी समजावेत. एक दिवस पाचशे किलो आणि पुढे सहा दिवस उपवास, अशा आहारावर ते टिकत नाहीत. आठवडी बाजाराच्या गावाने रोजच्या घरगुती कचऱ्याची जोड असल्याशिवाय या वाटेस जाऊ नये, असे आमचे मत आहे.

पैसा कोणाचा?

राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने जी अकरावी अनुसूची जोडली, तीत बाजार व जत्रा, पिण्याचे पाणी आणि आरोग्य व स्वच्छता हे विषय पंचायतींकडे सोपविण्याजोगे म्हणून नमूद आहेत. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यासाठी २०२० मध्ये निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत घनकचरा व्यवस्थापनासाठी पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावास दरडोई ६० रुपये आणि त्याहून मोठ्या गावास दरडोई ४५ रुपये असे प्रमाण ठरविण्यात आले. सहा हजार वस्तीचे गाव धरल्यास ही रक्कम २ लाख ७० हजार रुपये होते. येथे बाजाराच्या गावावर नकळत अन्याय होतो. निधी मोजला जातो रहिवाशांच्या संख्येवर, आणि कचरा पडतो पंचक्रोशीतून आलेल्या बाजारकरूंचा. शेजारच्या दहावीस गावांची केरसुणी एका गावाने चालवावी असा हा प्रकार आहे.

त्याची भरपाई बाजार फीतूनच होणे न्याय्य ठरते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ नुसार ग्रामपंचायतीस आठवडी बाजारावर फी बसविता येते. बहुधा ही वसुली वर्षाच्या लिलावाने, वऱ्हाडात ज्यास हर्रास म्हणतात त्या पद्धतीने, ठेकेदारास दिली जाते. हर्रासाच्या अटी वाचल्या तर रकमेचे हप्ते, अनामत, दराचा तक्ता यांविषयी बारीक कलमे असतात. स्वच्छतेचा उल्लेख मात्र शोधावा लागतो. वसुली करणारा माणूस प्रत्येक पसाऱ्यापाशी एकदा जातोच. सकाळी पावती फाडताना त्यानेच विक्रेत्यास रिकामे बारदान द्यावे आणि संध्याकाळी हातगाडीसह दुसरी फेरी मारून भरलेले बारदान उचलावे, अशी अट घातली तर वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही. विक्रेत्याने पाला बारदानात आणि पन्नी-कागद टोपलीत ठेवावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. दुसऱ्या दिवशी दुपारी सचिवाने बाजाराची जागा पाहून मगच त्या आठवड्याची नोंद करावी. तीन नोंदी प्रतिकूल झाल्यास अनामतीतून कपात व्हावी. ठेकेदार या अटीची किंमत बोलीतून वजा करील हे उघड आहे. ती वजाबाकी पंचायतीने आनंदाने सोसावी, कारण तोच कचरा चौथ्या दिवशी ट्रॅक्टर लावून उचलावयाचा झाल्यास खर्च याहून कमी येत नाही. सफाई कामगारास हातमोजे व बूट आणि बाजाराच्या दिवसाची जादा मजुरी यांची तरतूदही याच फीतून व्हावी.

आपल्या बाजारात नेमका किती आणि कोणता कचरा पडतो, हे बांधकामापूर्वी मोजून घेणे श्रेयस्कर. यासाठी तज्ज्ञ बोलाविण्याची गरज नाही. माध्यमिक शाळेतील शिक्षकांनी नववी-दहावीचे विद्यार्थी, एक तराजू आणि हातमोजे घेऊन बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाला, प्लॅस्टिक व इतर असे तीन ढीग वेगळे करून तोलावेत. एकदा पौषात, एकदा वैशाखात आणि एकदा श्रावणात मोजणी केली तर वर्षाचा अंदाज मिळतो, कारण उन्हाळ्यात कलिंगड व आंब्याच्या साली येतात आणि पावसाळ्यात माल अधिक सडतो. हे आकडे ग्रामसभेच्या फलकावर लागले, की दोन टाकी पुरतील की दहा, याबद्दल वाद राहत नाही.

तयार खताचे गिऱ्हाईक शोधावे लागणार नाही. खारपाणाच्या जमिनीत सेंद्रिय द्रव्य वाढले की मातीची घडण सुधारून पाणी थोडे अधिक मुरते, हे येथील शेतकरी अनुभवाने जाणतात. जिप्समची जोड असेल तर परिणाम अधिक दिसतो. एका टाक्यातून सुमारे तीन टन खत निघते. ते मृगापूर्वी शेतात पडावयाचे असेल, तर टाके जानेवारीच्या अखेरीपर्यंत, म्हणजे पौष-माघात, भरले गेले पाहिजे. मेथी, वांगी आणि पानकोबीची बाजारात रेलचेल असते ती त्याच सुमारास. तेव्हा विटा आणि वाळू यांची मागणी ग्रामसभेने दिवाळीपूर्वीच मंजूर करून ठेवावी.